देणाऱ्याची सोय

डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि विचारलं, "तुम्हाला खरंच द्यायचंय का?"

मी म्हटलं, "म्हणजे काय? त्यासाठीच तर आलोय."

"सगळे असंच म्हणतात. घरचे बाहेर बाकावर बसलेले असतात ना, म्हणून म्हणतात. आता इथं कुणी नाही. मी तुमच्या बहिणीची डॉक्टर नाही, फक्त तुमची आहे. तिकडच्या डॉक्टरांनी तिला जपायचं, मी तुम्हाला. तुमच्या मनात नसेल तर आत्ता सांगा. ऑपरेशनच्या सकाळी सांगा. स्ट्रेचरवर झोपल्यावर सांगितलंत तरी चालेल. आम्ही बाहेर एवढंच सांगतो की तपासणीत बसलं नाही. खरं कारण कुणालाही कळत नाही. बायकोलासुद्धा नाही."

मला आधी हसू आलं आणि मग जरा रागच आला. मी काय पळून जाणारा वाटलो की काय! पण बाईंचा चेहरा इतका सरळ होता की मी गप्प बसलो. बसलो म्हणजे त्या खुर्चीत मावेन तेवढा बसलो.

माझं काम लिफ्टदुरुस्तीचं. लिफ्टमध्ये आम्ही एक लाल बटण ठेवतो, दाबलं की लिफ्ट जागच्या जागी थांबते. बाईंनी मला तसलंच एक बटण दाखवलं होतं. मी ते दाबणार नव्हतोच. पण एक गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आली नाही. असं बटण आहे हे चार माणसांना माहीत असलं, की लिफ्ट आपोआप बंद पडली तरी लोक म्हणणार, यानंच दाबलं.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई दिवसभर कामावर असायची, त्यामुळे मला भरवायचं काम ताईकडे आलं आणि तिनं ते इतकं मनावर घेतलं की शाळेत माझं नाव ढब्बू पडलं. अजून तेच आहे. लिफ्टमध्ये 'सहा माणसं' अशी पाटी असते, ती वाचून आमच्या कंपनीतले सोबती म्हणतात, सहा माणसं किंवा तीन आणि ढब्बू. लोकांना भरवायची तिची हौस पुढे धंदा झाली. एका छापखान्याच्या इमारतीत तिचं कॅन्टीन आहे. स्वयंपाकघर तळघरात, जेवायची जागा तिसऱ्या मजल्यावर, आणि मधे ताटं वर नेणारी एक छोटी लिफ्ट. छापखान्यातले लोक सांगतात की पगारवाढ नको, पण ताई पाहिजे. हे अर्थात ते पगारवाढ झाल्यावर सांगतात.

तिचं लिव्हर बिघडत गेलं त्याला काही वर्षं झाली होती. आतल्या पित्ताच्या नळ्या हळूहळू आखडत जातात आणि पित्त आतल्या आत तुंबतं, असा तो आजार. का होतो ते डॉक्टरांनाही नीट सांगता येत नाही. पण लिव्हर म्हटलं की लोकांना एकच सुचतं. ताईनं जन्मात खोकल्याच्या औषधापलीकडे काही प्यायलं नव्हतं, तरी शेजारची माणसं भाऊजींना हळूच विचारायची, "आता सोडली ना त्यांनी?" भाऊजी बिचारे आधी समजावून सांगायचे. पुढे पुढे ते नुसतं "हो, सोडली" म्हणून मोकळे व्हायला लागले.

मेलेल्या माणसाचं लिव्हर मिळण्यासाठी जी रांग असते, तिच्यात ताईचं नाव होतं. पण ती रांग उलटी. रक्ताच्या तपासणीवरून गुण देतात, आणि जो जास्त आजारी तो पुढे. म्हणजे जितका नापास तितका वरचा नंबर. ताईचा आजार असा लबाड की रक्ताचे आकडे बरे दाखवायचा आणि माणसाला आतून खायचा. रात्ररात्र अंगाला खाज, मधूनच थंडी वाजून सडकून ताप, डोळे पिवळे, वजन निम्मं. तरी कागदावर ती काठावर पास. रांगेत तिच्यापुढे माणसं येतच राहिली आणि ती मागे सरकत राहिली.

मग जिवंत माणसाचा तुकडा, हाच मार्ग उरला. निम्म्याहून जास्त लिव्हर काढलं तरी उरलेलं दोनतीन महिन्यांत वाढून जवळजवळ पहिल्याइतकं होतं. पोटातला हा एकच अवयव असला उदार. भाऊजींच्या हृदयात आधीच दोन स्टेंट होते, त्यांना ताईच्या मोठ्या डॉक्टरांनी दारातूनच परत पाठवलं. उरलो मी. रक्तगट जुळला, नसा जुळल्या, आकार तर काय विचारूच नका. आणि मग स्कॅनवाल्यांनी सांगितलं की लिव्हरचा चौथा हिस्सा नुसती चरबी आहे.

"दारू घेता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग हे सगळं जेवण आहे." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "एवढ्या चरबीचं लिव्हर कापलं तर तिला धड बसणार नाही आणि तुम्हाला धड उरणार नाही. पण घाबरू नका. नीट खाल्लंत तर चरबी आधी लिव्हरमधून जाते, पोटावरची मागाहून. दोन महिने द्या."

घरी ताईनंच तोड काढली. "याच्या बायकोला नोकरी, दोन पोरी लहान, ती कुठे वेगळं पथ्याचं करत बसणार? माझ्याकडे रोज शंभर माणसांचं शिजतं. एका ढब्बूचं वेगळं शिजवायला काय लागतं? दोन्ही वेळचा डबा मी पाठवते."

ती स्वतः आता शेगडीपुढे उभी राहू शकत नव्हती. तळघरात उंच स्टुलावर बसून ती नुसतं सांगायची आणि तिची जुनी मदतनीस, जिला आम्ही सगळे मावशी म्हणतो, ती करायची. डबा वेळेवर यायचा. भाज्यांचं सूप, उकडलेला मासा, वाफवलेलं काहीबाही. आणि काय चव सांगू! मी दोनदा तोंड भरून सांगितलं की लोक उगाच पथ्याला नावं ठेवतात, चांगल्या हातचं असलं तर माणूस जन्मभर पथ्य करील. ताई म्हणाली, "खा मग."

दोन महिन्यांनी स्कॅन झाला. चरबी कमी व्हायची सोडून वाढली होती.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा दार लावून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं. "हे बघा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचा विचार बदलला असेल तर त्यासाठी एवढं खायची गरज नाही. नुसतं सांगितलंत तरी पुरे."

मी शपथा घेतल्या. काय काय खाल्लं ते घासाघासानं सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या. त्यांनी शपथा घेणारे पुष्कळ पाहिले असणार.

बाहेर आलो तर भाऊजी पाण्याच्या मशीनपाशी उभे होते. भाऊजी म्हणजे गायीहून गरीब माणूस, मोठ्यानं बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. तेव्हाही ते हळूच बोलले. "असू दे. मी तुला दोष देत नाही."

"कसला दोष?"

"ती सोय मला ठाऊक आहे रे. ही इथं भरती होती तेव्हा शेजारच्या खाटेवरची बाई, तिच्या दिरानं हेच केलं. तपासणीत बसलं नाही म्हणाले. महिन्याभरानं तो कुठल्याशा डोंगरावर चढाईला गेला." त्यांनी कागदी पेला चुरगळला. "तुला पोरी आहेत. मी समजू शकतो. फक्त ताईला सांगताना जरा जपून सांग."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हाताऱ्या माणसाला हॉस्पिटलात काय बोलणार, म्हणून तसाच बाहेर पडलो. घरी आलो तर बायकोनं दार उघडलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मला मिठी मारली. रात्री पोरी झोपल्यावर म्हणाली, "बरं केलंस. मी कधी म्हटलं नसतं, पण बरं केलंस."

"अगं, मी काही केलं नाही."

"बरं बरं, नाही केलंस."

म्हणजे एका घरात मी पळपुटा आणि दुसऱ्या घरात शहाणा, आणि खरं बोलणारा कुठेच नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्याहून वाईट म्हणजे मलाही स्वतःचा संशय यायला लागला. वाटायचं, झोपेत उठून खातो की काय? फ्रीजला एक दोरी बांधून ठेवली. सकाळी ती जशीच्या तशी.

ताई मात्र अगदी शांत होती. मी जपून सांगायला गेलो तर म्हणाली, "नाही बसलं तर नाही बसलं. तू किती मनाला लावून घेतोस! सूप आलं होतं ना वेळेवर?"

पुढच्या आठवड्यात छापखान्यातून कंपनीत फोन आला की जेवणाची छोटी लिफ्ट अडकली आहे. दुपारी माणूस पाठवतो असं ऑफिसनं कळवलं, पण माझं आधीचं काम लवकर उरकलं म्हणून मी सकाळीच गेलो. खाली न जाता सरळ तिसऱ्या मजल्यावर चढलो, लिफ्टची झडप काढली आणि डोकं आत घातलं. खांदे जाईनात म्हणून तसाच वाकून दोर तपासत होतो. लिफ्टची विहीर म्हणजे भोंगाच असतो. तळघरात भांडं सरकवलं तरी वर कानाशी वाजतं.

मावशीचा आवाज आला. "बाई, बास की आता. मागच्या वेळेलाच वाढलं म्हणतात त्याचं."

"घाल गं," ताई म्हणाली. "लोणी आधी आणि साय शेवटी. गाजर नीट घोटून घे म्हणजे रंगात कळत नाही. आणि माशाच्या खाली तूप जरा हात सैल सोडून."

मी डोकं बाहेर काढताना झडपेवर आपटलं. चार मजले जिना उतरून तळघरात आलो तेव्हा मला धाप लागली होती, आणि ओरडायचं होतं ते सगळं धापेतच गेलं. शेगडीवर माझं सूप उकळत होतं. ओट्यावर लोण्याचा निम्मा संपलेला गोळा. मावशीनं मला बघितलं आणि ती हात पुसत मागच्या दारानं निघून गेली.

ताई स्टुलावरून हलली नाही. "दुपारी येणार होतास ना?" ती म्हणाली.

"तू मला चरबी चारतेस?"

"हो."

"भाऊजी मला भित्रा समजतात. बायको शहाणा समजते. डॉक्टरीणबाई खोटारडा समजतात. आणि तू इथं बसून साय घालतेस?"

"बस आधी. पडशील."

"मी बसणार नाही."

"मग उभा राहून ऐक." ती हातांवरची खाज पदरानं चोळत बोलत होती. "मी त्या तुझ्या बाईंकडे पहिल्याच आठवड्यात गेले होते. म्हटलं, तुम्हाला नापास करता येतं म्हणे, तर माझ्या भावाला नापास करा. त्या म्हणाल्या, ही सोय देणाऱ्याची आहे, घेणाऱ्याची नाही. त्यानं मागितली तर देऊ, तुम्ही मागून मिळणार नाही. मग काय करू? तू तर ऐकणारा नव्हेस. माझ्या हातात जे होतं ते मी केलं."

"सरळ नको म्हणायचं होतंस."

"म्हटलं असतं तर तू माझ्या दारात धरणं धरून बसला असतास. आणि नवऱ्यानं माझ्यापुढे हात जोडले असते. मला तुम्हा दोघांशी भांडायचं बळ नाही आता." तिनं शेगडी बारीक केली. "देणाऱ्यांतलेही मरतात, ढब्बू. हजारात दोनचार. मी विचारून घेतलंय."

"मी त्या दोनचारांतला नाही."

"ते दोनचारही असंच म्हणाले असतील."

मला तिचा इतका संताप आला होता की रडूच यायला लागलं. मी सांगितलं की तुझं हे प्रेम म्हणजे दरोडा आहे, माझं नाव आणि तुझा जीव दोन्ही तू माझ्या डब्यातून चोरलंस. मग लिफ्टचा दोर बसवला, कारण वर शंभर माणसं जेवायला येणार होती, आणि सूप तसंच ठेवून निघालो. कामाच्या कागदावर ताईनं सही केली. तेवढी एकच सही त्या दिवशी तिच्याकडून मिळाली.

भाऊजींना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मलासुद्धा आठवडाभर तेच सूप येत होतं. मी म्हटलं, आजारी माणसाच्या घरी एवढं चांगलं सूप कसं?" आणि दोन्ही हातांनी माझा हात धरून त्यांनी माफी मागितली, ती मला बघवेना.

तेव्हापासून मी माझं मी शिजवायला लागलो. शिजवायला म्हणजे उकडायला. अंडी, कोबी, पुन्हा कोबी. त्याला चव अशी नव्हतीच, आणि त्यावरूनच मला खात्री पटली की आता पथ्य खरं आहे. शिवाय लिफ्टमधून वर जाणं सोडलं. लिफ्ट दुरुस्त करून मी हत्यारांची पेटी घेऊन जिन्यानं निघालो की इमारतीतले लोक चिंतेत पडायचे. एका आजीबाईंनी तर मला अडवून विचारलं, "अहो, तुमचाच भरवसा नसेल तर आम्ही कसं बसायचं?" मी त्यांना लिव्हरचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आता सोडलीत ना?"

पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली. तिसऱ्या स्कॅनला डॉक्टरीणबाईंनी पडदा वळवला आणि त्या पहिल्यांदा हसल्या. चरबी अगदी नावापुरती उरली होती. मी त्यांना लोण्याची हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "वीस वर्षांत घरच्यांनी देणाऱ्याला धमकावलेलं पाहिलं, लालूच दाखवलेली पाहिली. घेणाऱ्यानंच हाणून पाडलेलं पहिल्यांदा पाहतेय."

पण देणारा पास झाला तरी घेणाऱ्यानं हो म्हणावं लागतं, आणि ताई म्हणेना. "माझं नाव रांगेत आहे," एवढंच एक पालुपद. मी रागावलो, भाऊजी रडले. मोठे डॉक्टर समजावून थकले. पालथ्या घड्यावर पाणी. दरम्यान तिला पुन्हा ताप भरला, आणि या वेळचा ताप उतरायचं नाव घेईना. हॉस्पिटलात ठेवलं. आकडे खराब झाले आणि रांगेत ती एकदम वर आली. तिला त्याचा केवढा आनंद! पहिला नंबर आल्यासारखी सांगत होती सगळ्यांना.

एका सकाळी मोठे डॉक्टर स्वतः खाटेपाशी आले. लिव्हर आलं होतं. कुणा वयस्क माणसाचं, अपघातात गेलेल्या. पण त्यातही चरबी होती, आणि आणखी दोन हॉस्पिटलांनी ते नको म्हटलं होतं.

"पूर्वी असलं लिव्हर बर्फात घालून आणायचो आणि मनाशी अंदाज करायचो," ते म्हणाले. "एकतर बसवायचं आणि देवावर हवाला, नाहीतर टाकून द्यायचं. आता आमच्याकडे मशीन आहे. लिव्हर त्यात ठेवतो, अंगाइतकं ऊबदार रक्त त्यातून फिरवतो. ते पोटाबाहेरच काम करायला लागतं, पित्त करायला लागतं. काही तास बघायचं. चाललं तर बसवायचं."

ताई म्हणाली, "म्हणजे आधी चाखायचं आणि मग वाढायचं."

"अगदी तसंच."

"मग वाढा."

मी मधे पडलो. म्हटलं, माझं धडधाकट, तपासून घेतलेलं इथं उभं असताना दुसऱ्यांनी नाकारलेलं कशाला? डॉक्टर म्हणाले की तुमचं लिव्हर चांगलंच आहे, पण मेलेल्याकडून मिळत असेल तर जिवंत माणसाला कापायचं नाही, हा आमचा नियम. ताईनं माझ्याकडे असं बघितलं की जणू नियम तिनंच केला होता.

तिला तयार केलं, स्ट्रेचरवर घातलं आणि ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या खोलीत नेलं. भाऊजी आणि मी तिथंच बसलो. ताई इतकी खुशीत मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. तिनं नर्सला विचारून घेतलं की किती दिवसांनी उभं राहता येतं. कॅन्टीनच्या भिंतींना कुठला रंग द्यायचा ते भाऊजींना सांगितलं. मला म्हणाली, "तुझं तुझ्याजवळ राहिलं की नाही? सुंठीवाचून खोकला गेला." मी हसलो. खरं सांगायचं तर मला वाईट वाटत होतं. एवढा कोबी खाल्ला, त्याचं काही चीज झालं नाही, असलं काहीतरी बावळट मनात येत होतं. बहिणीचा जीव वाचतोय आणि मी कोबीचा हिशेब करतोय. माणसाचं मन हे असलं असतं.

दुपारी मोठे डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी एक स्टूल ओढून घेतलं. डॉक्टर उभ्याउभ्या बोलला तर बरी बातमी, बसला तर नाही, हे आम्हाला एव्हाना कळायला लागलं होतं.

"पित्त येत नाहीये," ते म्हणाले. "रक्तातलं आम्ल उतरायला पाहिजे होतं, ते चढत चाललंय. आम्ही थांबून बघितलं, औषधं घातली. हे लिव्हर चालणार नाही."

भाऊजी, गायीहून गरीब माणूस, ताडकन उठले. "त्या मशीनला काय कळतं?"

"आम्हाला नुसतं बघून कळलं नसतं, ते त्याला कळलं," डॉक्टर म्हणाले. "मशीन नसतं तर हे आत्ता यांच्या पोटात असतं."

कुठल्याशा घरातल्या लोकांनी रडता रडता हो म्हटलं असेल, आपला माणूस गेला पण कुणाला तरी उपयोगी पडला असं त्यांना वाटत असेल. त्यांचंही वाया गेलं. ताईला पुन्हा वॉर्डात आणलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं ते संध्याकाळपर्यंत.

गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लावणारी माणसं मला आवडत नाहीत, म्हणून पुढचं आत्ताच सांगून टाकतो. ताई जिवंत आहे. माझा उजवा भाग तिला बसला. मधे एकदा तिच्या शरीरानं तो परका म्हणून हाकलायचा घाट घातला होता, पण औषधं वाढवून तो आवरला. त्या गोळ्या तिला जन्मभर घ्यायच्या आहेत. माझ्या जखमेतून काही आठवडे पित्त झिरपत राहिलं आणि त्यापायी मला दुसऱ्यांदा भरती व्हावं लागलं. बायको तेव्हा जे बोलली ते बोलायचा तिला हक्क होता. आता बरा आहे. ऑपरेशनचं मला काहीही आठवत नाही. आठवते ती त्या दिवशीची संध्याकाळ.

भाऊजी चहा आणायला गेले होते. मी खाटेशेजारी बसलो होतो. ताई भिंतीकडे बघतच म्हणाली, "ढब्बू."

"बोल."

"मी सांगत होते ना, मला मरायची भीती नाही, झालं तेवढं पुष्कळ झालं?"

"सांगत होतीस. मी ऐकत नव्हतो."

"खोटं होतं ते." ती माझ्याकडे वळली. डोळे पिवळेधमक झाले होते. "आज तिथं पडून मी काय म्हणत होते माहितीये? चालू दे, चालू दे, कुणाचंही असो, चालू दे. त्या घरी माणूस गेलाय हे मला कळत होतं, तरी मी तेवढंच म्हणत होते."

मी तिचं पांघरूण वर ओढलं.

"मला जगायचंय रे," ताई म्हणाली. "तुझं देशील?"

या प्रश्नाला द्यायची उत्तरं मी कधीपासून तयार ठेवली होती. एकाहून एक खोचक. लोण्यावरून होती, सायीवरून होती. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. मी "हो" म्हटलं, आणि ते म्हणता म्हणता मला भीती वाटली. तोवर मी ताईशी भांडत होतो, डॉक्टरांशी आणि स्वतःच्या पोटाशी भांडत होतो, आणि भांडणाऱ्या माणसाला भ्यायला सवड नसते. आता भांडायला कुणी उरलं नव्हतं. मला माझ्या पोरी दिसल्या. हजारात दोनचार हा आकडा पहिल्यांदाच माझ्या कानात वाजला. हात गार पडले.

ताईनं माझा हात हातात घेतला होता, त्यामुळे तिला ते कळलंच. "घाबरलास," ती म्हणाली.

"हो."

"मीही."

मी वाट पाहत राहिलो. लहानपणापासून मी नुसतं तोंड वाकडं केलं तरी ताई म्हणायची, नको असेल तर राहू दे, माझ्याकडे सरकव. ती आताही तसंच म्हणेल, जाऊ दे रे ढब्बू, नको, असं मला वाटत होतं, आणि ती म्हणाली असती तर मी काय केलं असतं ते मला आजही सांगता येत नाही. ती काही म्हणाली नाही. माझा गार पडलेला हात धरून माझ्याकडे बघत राहिली, आणि मागितलेलं तिनं परत घेतलं नाही.